बैलांची ताकद खाते कोण?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस वेचून झाला की आपण भावाचा हिशेब मांडतो. तो मांडायलाच हवा. पण वावरातून घरी कापूस येतो तो बैलांच्या खांद्यावर. त्या खांद्याचा हिशेब कोणी मांडत नाही. आज तो मांडू.

आधी एक कोडे. बैल गाडीला जेवढ्या जोराने पुढे ओढतात, तेवढ्याच जोराने गाडी त्यांना मागे ओढते. मग गाडी चालते कशी? उत्तर जुवापाशी नाही, खुरापाशी आहे. बैल खुराने जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. हे घर्षणामुळे होते. घर्षण नसेल तर कितीही दांडगा बैल जागीच घसरेल. ट्रॅक्टरचेही तसेच. चिखलात मागचे चाक गरगर फिरते, ट्रॅक्टर हलत नाही. गाडीचे चाक फरफटत न जाता फिरते, तेही धावेला जमीन धरते म्हणून. म्हणजे घर्षण आपले वैरी नाही. खुराखाली ते हवे, तुंब्यात नको.

तुंब्यातले किती असते? आखाची त्रिज्या अडीच सेंटिमीटर आणि चाकाची साठ धरा. चाक चोवीस पट मोठे. आखावर १२० किलोचे घर्षण असले तरी बैलांना त्यापोटी ५ किलोच ओढावे लागतात. आपल्या सुतारांनी चाक उगाच मोठे केले नाही. टायरचे चाक निम्म्या उंचीचे असेल तर हेच ओझे दुप्पट होते, म्हणून तिथे बेअरिंग लागते. वंगण दोन्हीकडे हवेच.

मग ताकद खाते कोण? रस्ता. गाडी आणि सात क्विंटल कापूस मिळून १००० किलो धरा. ढोबळमानाने, वाळलेल्या घट्ट कच्च्या रस्त्यावर लोखंडी धावेची गाडी ओढायला ५० किलोचा जोर लागतो. काळ्या मातीच्या चिखलात चाक रुतले की तोच १५० वर जातो, कारण चाक सारखे स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढत असते. वीस फुटांत एक फूट चढ आला की आणखी ५० किलो वाढले.

आता बैलांकडे पाहा. बैल दिवसभर आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढे ओढू शकतो. चारशे किलोच्या दोन बैलांचे मिळून झाले ८०. घट्ट रस्त्यावर ते सहज चालतील. चिखलात त्यांच्याकडून दुप्पट मागतो, आणि तिथेच खूरही घसरतो. चाबकाने हे गणित बदलत नाही.

आपल्या हातातले आधी करू. वंगण वेळेवर घालू. कडबा असो की कापूस, गाडी उलाळ होऊ देऊ नये आणि पुढेही जड भरू नये. पुढचा भार सरळ मानेवर येतो.

पण मोठी बचत पांदणीत आहे. पांदण उंच करून मुरूम टाकला, दोन्ही बाजूंनी नाली काढली, तर १५० चे ५० होतात. एवढी बचत कुठलेही वंगण देणार नाही.

कोणी वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ बांधावरून वाट मागण्याचा मार्ग देते. शासनाने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांची योजनाही काढली. ती कागदावरून वावरापर्यंत आणायची तर गावाचा रेटा लागेल.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या पांदणींची यादी आणावी: लांबी किती, चिखल कुठे, अडवले कुठे. त्या यादीवर ग्रामसभेचा ठराव घ्यावा. बैलांचे ओझे आपण कागदावर मांडले, आता ते उतरवायचे कामही आपल्यालाच करायचे आहे.