हरवलेला आकडा वजाबाकीने सापडतो

रामटेकच्या गडावर लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला संस्कृत शिलालेख आहे. त्यातली बरीच अक्षरे झिजली आहेत. लेख श्लोकबद्ध असल्याने किती अक्षरे गळाली हे वृत्तावरून कळते. कोणती गळाली, हे मात्र वृत्त सांगत नाही. तिथे मिराशींसारख्या विद्वानांनाही तर्कच करावा लागतो.

संगणकातली हार्ड डिस्क दगडाइतकी टिकत नाही. काही वर्षांत, कधी पहिल्याच वर्षी, ती बंद पडते. गावोगावच्या फोटो स्टुडिओंत वीस-वीस वर्षांची लग्ने अशा एकाच डिस्कवर असतात. ज्या आजोबांचा दुसरा फोटोच नाही, ते त्यातल्याच एखाद्या पंगतीत बसलेले असतात.

सोपा उपाय म्हणजे सगळे दोन डिस्कवर लिहायचे. पण खर्च दुप्पट. पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या बर्कलेच्या तिघांनी १९८८ मध्ये स्वस्त डिस्कांची जुडी बांधण्याचे मार्ग एकत्र मांडले. त्यालाच 'रेड' म्हणतात. त्यातली एक युक्ती अशी. श्रोतेहो, कागद-पेन्सिल घ्या. तीन डिस्कवर ३७, ४५ आणि १८ लिहा, चौथीवर त्यांची बेरीज १००. आता दुसरी डिस्क गेली. १०० मधून ३७ आणि १८ वजा करा, ४५ परत! यंत्र हेच शून्य-एकाच्या सम-विषम हिशेबाने करते. किराणा दुकानदाराला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मात्र दोन डिस्क गेल्या, तर एक बेरीज पुरत नाही. आणि तसे घडते. एकाच दिवशी विकत घेतलेल्या डिस्क एकदमच म्हाताऱ्या होतात. शिवाय नवी डिस्क भरून निघायला कित्येक तास, कधी दिवस लागतात, तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर ताण असतो. म्हणून आणखी एक, वेगळ्या रीतीचा हिशेब ठेवतात. रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेले गणित इथे कामी येते. ओरखडे पडलेली सीडी गाणे म्हणत राहायची, ती याच गणितामुळे.

याहून वाईट म्हणजे डिस्क बंद न पडता गुपचूप चुकीचा आकडा देते. बेरीज जुळत नाही, पण चौघींपैकी खोटे कोण बोलते, हे एकटी बेरीज सांगू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक तुकड्याला स्वतःची तपासखूण जोडावी लागते.

एक गैरसमज मला फार वेळा भेटतो. "आमच्याकडे रेड आहे, बॅकअप कशाला?" अहो, फाइल चुकून पुसलीत, तर रेड ती इमानेइतबारे सगळीकडून पुसते. वीज पडली, चोरी झाली, व्हायरस शिरला, की जुडीच्या जुडी जाते. दुसरी प्रत दुसऱ्या गावीच हवी. रामटेकच्या माणसाने ती पन्नासेक किलोमीटरवरच्या नागपुरात बहिणीच्या कपाटात ठेवली, तरी चालेल. फक्त वर्षातून दोनदा ती डिस्क काढून चार फोटो उघडून बघा.