त्या चार वर्षांच्या बातम्या लिहून ठेवा



 

आजच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसलेल्या ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण 1955 ते 1958 या काळात उज्जैनमध्ये कॉलेजात शिकत होते. मी त्या चार वर्षांतल्या बातम्यांबद्दल बोलणार आहे. एरवी आपण दिल्ली-मुंबईच्या बातम्या वाचायचो. त्या वर्षांत देशानं आपल्या गावाची बातमी वाचली.

15 ऑगस्ट 1955. देशात झेंडावंदन चाललं होतं आणि गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज गोळ्या झाडत होते. वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत उज्जैनचे राजाभाऊ महाकाल होते, ऐन तिशीतले. विंध्य-सातपुडा ओलांडून ते परक्या अमलाखालच्या माणसांसाठी गेले आणि परतले नाहीत. गोवा मुक्त व्हायला 19 डिसेंबर 1961 उजाडावा लागला. ती पहाट राजाभाऊंसारख्यांच्या रक्तानं जवळ आली, असं मी मानतो.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला, राजधानी भोपाळला गेली. त्याच दिवशी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. माळव्यातला मराठी माणूस मात्र इथंच राहिला, याच मातीत रुजला, घरी मराठी आणि बाजारात माळवी-हिंदी बोलत राहिला. आज हे संमेलन मराठीत होतंय, याचं श्रेय त्या पिढीला आहे.

1957 मध्ये विक्रम विद्यापीठ सुरू झालं. तोवर इथल्या पदवीवर आग्रा विद्यापीठाचं नाव असे. आता उज्जैनच्या मुलाला उज्जैनच्या विद्यापीठाची पदवी मिळू लागली. आणि त्याच वर्षी आपल्या हरिभाऊंनी, म्हणजे विष्णू श्रीधर वाकणकरांनी, भोपाळजवळ रेल्वेच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांचा माग काढला. त्या रुळांवरून रोज गाड्या जात होत्या, हजारो माणसं ते डोंगर बघत होती. खाली उतरून जंगलात चालत गेले ते हरिभाऊ. त्यातून भीमबेटकाची हजारो वर्षांपूर्वीची शैलचित्रं जगासमोर आली. 2003 मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

1958 च्या कार्तिकी एकादशीला कालिदास समारोह सुरू झाला. पंडित सूर्यनारायण व्यासांनी त्याचा ध्यास घेतला होता. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद स्वतः उज्जैनला आले.

मित्रांनो, या तारखा पुस्तकांत आहेत. पण राजाभाऊंची बातमी आली, त्या दिवशी गल्लीत काय झालं? विदर्भातले नातेवाईक दुसऱ्या राज्यात गेले, तेव्हा घरात काय बोलणं झालं? राष्ट्रपती आले तेव्हा मुलं कुठं उभी होती? हे कुठल्याच पुस्तकात नाही. ते समोर बसलेल्या या आजी-आजोबांपाशी आहे. त्यांनी आजवर ते सांगितलं नाही, कारण आपण विचारलं नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. यंदाच्या वार्षिक अंकात या आठवणींसाठी स्वतंत्र विभाग ठेवा. प्रत्येकानं एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जावं, शांतपणे ऐकावं, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. नाव, गल्ली, तारीख नीट नोंदवावी. परीक्षा झाल्यावर बघू, असं म्हणू नका. या पिढीकडे आणि आपल्याकडेही वेळ थोडा आहे. आज कार्यक्रम संपला की जेवायला बसण्याआधी या मंडळींना नमस्कार करा आणि पहिला प्रश्न विचारा.