जोडून आलेली सुट्टी

२६ जानेवारी सोमवारी आला, की शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळते. अशी सुट्टी आली, की घराघरांतून एकच चर्चा सुरू होते : कुठे जायचे? कुणी महाबळेश्वरचे नाव काढतो, कुणी कोकणाचे. मग गाड्यांची गर्दी, हॉटेलांचे भाव, रस्त्यावरचा खोळंबा. तिसऱ्या दिवशी रात्री मंडळी घरी येतात ती दमूनभागून, आणि चौथ्या दिवशी विश्रांतीसाठी रजा टाकतात! आज मी आपल्याला असा बेत सुचवणार आहे, की ज्याला एस. टी.चे तिकीटही काढावे लागत नाही. हे तीन दिवस आपल्याच गावात राहा, आपल्याच शिवारात फिरा, आणि तिथले पक्षी पाहा.

आपण म्हणाल, पक्षी काय पाहायचे? रोजच तर दिसतात. दिसतात खरे, पण दिसणे वेगळे आणि पाहणे वेगळे. मी मराठी शिकवणारा माणूस. प्राणिशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण ती लागत नाही, हे एका थोर माणसाने दाखवून दिले आहे. डॉ. सालिम अलींकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. १९३० च्या सुमारास जर्मनीहून शिकून ते परत आले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाही पैशाअभावी रद्द झाली होती. अलिबागजवळ किहीमला ते राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसलेला हा माणूस तिथे ठाण मांडून बसला आणि घरट्यांकडे पाहत राहिला. त्या पाहण्यातून जे निघाले, ते तोवर कुणाला नीटसे उमगलेले नव्हते. तेही पुढे सांगतो.

शनिवारी सकाळी फार लांब जाऊच नका. अंगणात, गोठ्यापाशी, परसात बसा. जानेवारीच्या या दिवसांत आपल्याकडे पाहुणे उतरलेले असतात. गोठ्याच्या भिंतीवर, शेणाच्या उकिरड्याजवळ एक लहानसा पक्षी पाहा. अंग काळपट, पोट आणि शेपटी विटकरी तांबूस. बसला की शेपटी सारखी थरथरते. म्हणून त्याचे नाव थिरथिऱ्या. वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या मुठीत दोन-तीन मावतील एवढा जीव. उन्हाळ्यात हा हिमालयाच्या उंच भागात, तिबेटकडे, मध्य आशियात घरटे करतो आणि हिवाळा काढायला आपल्या गोठ्याच्या भिंतीवर येतो. पाटाच्या कडेने शेपटी वरखाली आपटत चालणारा धोबी, त्याला कुठे परीट म्हणतात, तोही उत्तरेकडचाच पाहुणा. दिवाळीच्या आगेमागे येतो, उन्हाळा तापायला लागला की निघून जातो. मुलांना भूगोलात मध्य आशिया शिकवताना नकाशावर बोट ठेवतो ना आपण? एकदा गोठ्याकडे बोट करून पाहा.

कायमच्या रहिवाशांतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. म्हशीच्या पाठीवर बसलेला, दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी म्हणजे कोतवाल. म्हैस चालली की गवतातले किडे उडतात आणि हा त्यांच्यावर झडप घालतो. म्हशीला स्वारीचे ओझे होत नाही आणि याचे पोट भरते. अंगाने एवढासा, पण घरट्याच्या आसपास घार आली, कावळा आला, तर तिच्या डोक्यावर चोची मारीत शिवेपर्यंत हाकलतो. कोतवाल हे नाव ज्याने दिले, त्याची नजर चांगली असली पाहिजे. कुंपणातून तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज चालत गेला, तर घरातली म्हातारी माणसे शुभ शकुन मानतात. त्याला कुठे सोनकावळा म्हणतात, कुठे कुंभारकावळा. ही नावे जमवण्याचा मला नाद आहे. दहा कोसांवर नाव बदलते. कै. मारुती चितमपल्लींनी उभा जन्म रानात घालवला आणि आदिवासींच्या, पारध्यांच्या, गुराख्यांच्या तोंडची अशी नावे टिपून ठेवली. त्यांच्या ‘पक्षिकोशा’त ती सापडतात. पण सगळी नावे काही कोशात गेलेली नाहीत. आपल्या गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना जी ठाऊक आहेत, ती आजोबांबरोबर जातील. म्हणून शनिवारची दुपार त्यांच्या ओसरीवर काढा. मुलांना चित्रे दाखवू द्या आणि आजोबांना नावे सांगू द्या. मला तरी हे काम निरीक्षणाइतकेच निकडीचे वाटते.

आता रविवार. पहाटे उठा, सूर्य उगवण्याच्या सुमारास शिवारात असा. पक्ष्यांचा बाजार पहिले दोन तास भरतो, मग ऊन चढले की पांगतो. कपडे मातकट रंगाचे घाला. दुर्बीण असली तर उत्तम. आठ पट मोठे दाखवणारी, हातात स्थिर राहणारी पुरे. नसली तरी अडत नाही. थांबायला मात्र शिकले पाहिजे. एका झाडाखाली पंधरा मिनिटे न बोलता बसणे आपल्याला किती जड जाते, ते एकदा करूनच पाहा.

ज्वारी या वेळी हुरड्याला आलेली असते आणि हुरड्यावर भोरड्यांच्या झुंडी उतरतात. अंग गुलाबी, डोके आणि पंख काळे. शेकडोंनी येतात आणि वाऱ्यासारख्या एका दमात वळतात. शेतकरी माचाणावर उभा राहून गोफण फिरवतो, हाका देतो. त्याचा राग खरा आहे. कणीस त्याचे, कष्ट त्याचे. घरात बसून त्याला पक्षिप्रेम शिकवू नये. पण त्या भोरडीची दुसरी बाजू त्याला सांगायला हवी. उन्हाळ्यात ही मंडळी मध्य आशियात जातात आणि तिथे पिले वाढवतात ती नाकतोड्यांवर आणि टोळांवर. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा, म्हणून या पक्ष्यांना घरट्यांसाठी लोकांनी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले आहेत! आपल्याकडचा चोर तिकडचा राखणदार आहे. इथेही कणसावर बसण्यापूर्वी आणि नंतर ती किडे वेचतेच. हे ऐकून गोफण खाली ठेवा, असे मी म्हणणार नाही. पण विषारी औषध टाकलेले दाणे ठेवू नका, एवढे निश्चित म्हणेन. त्याने भोरडी मरते, तिला खाणारा ससाणा मरतो, आणि रात्री आपल्या खळ्यातले उंदीर मारणारे घुबडही मरते.

आता विहिरीकडे वळा. विहिरीवर झुकलेली बाभूळ असेल, तर तिच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लटकलेले दिसतील. जानेवारीत ते रिकामे असतात, कारण विणीचा हंगाम पावसाळ्यात. म्हणूनच नीट पाहायला ही वेळ चांगली. सालिम अलींनी किहीमला पाहिले ते हे, की खोपा विणतो नर. मादी विणत नाही. ‘सुगरण’ हा शब्द आपण स्त्रीलिंगी वापरतो, कवितेतून तिच्या हुशारीचे गुण गातो, आणि कारागीर मात्र पिवळ्या डोक्याचा तो नर! उसाच्या नाहीतर मक्याच्या पानाच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो, आणि लांबच लांब धागा फाडून नेतो. आधी एक कडे विणतो, मग त्याला घुमट चढवतो. अर्धा खोपा झाला, की थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून पाहते. पसंत पडला तर मुक्काम करते, आणि मग नर अंड्यांची खोली आणि खालची लांब नळी पुरी करतो. एवढे झाले की हा गृहस्थ शेजारच्या फांदीवर दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसरीला बोलावू लागतो! नापसंत झाला, तर खोपा अर्धाच राहतो. आता त्या बाभळीकडे पुन्हा पाहा. पुरे खोपे किती, अर्धे किती? अर्धे जे दिसतात, ते सगळे नाकारलेले. मुलांना मोजायला सांगा. खाली गळून पडलेला एखादा खोपा शाळेत न्या, उलगडा, धागे मोजा. आत चिखलाचे लिंपण सापडेल. ते कशासाठी, यावर वर्गात वाद होऊ द्या. पण झाडावरचा खोपा तोडू नका. सुगरण गेली तरी मुनिया त्यात रात्रीच्या मुक्कामाला येतात.

हे सारे त्या विहिरीवरच्या बाभळीच्या जिवावर चालते. खाली पाणी असले की साप-मांजरांची वाट अडते, म्हणून ती जागा. आता विहिरींच्या जागी बोअर आले, विहिरींना कठडे आले, आणि काठावरची काटेरी बाभूळ ‘आडवी येते’ म्हणून तुटली. गुरुजी, आपल्या गावच्या शिवारात अशा किती बाभळी उरल्या आहेत, याची नोंद शाळेकडे असायला हरकत नाही.

सोमवारी सकाळी झेंडावंदन. शिक्षकांना आणि मुलांना तिथे असलेच पाहिजे. म्हणून सोमवारची फक्त संध्याकाळ मी मागतो, आणि ती माळावर.

पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यात गावाबाहेर माळ असतो. दप्तरात त्याला पडीक म्हणतात. आपणही म्हणतो, तिथे काय आहे? कुसळे आणि दगड! पण चंडोल याच माळावर घरटे करतो; जमिनीवर, गवताच्या बुडख्यापाशी. धाविक इथे पळतो. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ती खड्यांसारखी दिसतात. दोन पावलांवर उभे राहूनही दिसत नाहीत. पखुर्डी, लावा, तित्तिर सगळे इथले. यांना झाड नको असते. यांना उघडी जमीन आणि गवत हवे असते.

इथे मी जरा कडू बोलणार आहे. दर पावसाळ्यात आपण वृक्षारोपण करतो, आणि त्यासाठी जागा शोधतो ती माळाची. खड्डे खणून तिथे गिरिपुष्प नाहीतर आणखी काही लावतो, छायाचित्र काढतो, आणि निसर्गाची सेवा केली म्हणून घरी येतो. चंडोलाच्या बाजूने पाहा. त्याचे घर खणले गेले, आणि उरल्यासुरल्या घरट्यावर नजर ठेवायला कावळ्याला उंच बैठक मिळाली. गुरांचे गवत सावलीत खुरटले ते वेगळेच. माळढोकाचे काय झाले, ते आपल्या डोळ्यांदेखत झाले आहे. त्याच्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या माळांवर १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे, तोही बहुतेक राजस्थानात. आपल्या नान्नजच्या माळावर तो दिसणे दुरापास्त झाले आहे. शिकार, नांगरलेले माळ, विजेच्या तारा अशी कारणे अनेक. पण माळ म्हणजे ओसाड जागा, ही समजूत त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे आणि ती शाळेतच पुसता येते. झाडे जरूर लावा. बांधावर लावा, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, गावठाणात लावा. वड, उंबर, बोर, बाभूळ लावा. माळ मात्र माळच राहू द्या. ग्रामसभेत हे बोलणारा एक जरी शिक्षक निघाला, तरी एखादा माळ वाचेल.

वही जवळ ठेवा, हे सांगायचे राहिलेच. तारीख, वेळ, जागा, पक्षी कोणता, किती, आणि तो काय करीत होता, एवढे लिहिले की पुरे. नाव येत नसेल तर वर्णन लिहा, चित्र काढा. मोबाइलवर ‘ईबर्ड’सारख्या ठिकाणीही नोंद करता येते आणि ती जगभरच्या अभ्यासकांना वापरता येते. पण शाळेच्या कपाटात एक जाड वही असावी असे मला वाटते. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. पहिली तारीख चितमपल्लींच्या जन्माची, शेवटची सालिम अलींच्या. जानेवारीत सुरू केलेली वही त्या आठवड्यात उघडली, तर कोण आले, कोण गेले आणि कोण आलेच नाही, हे मुलांना स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळेल.

तर सोमवारी सूर्य मावळण्याआधी अर्धा तास माळाच्या कडेला बसा. माळावर चालत जाऊ नका, कुत्रे बरोबर नेऊ नका. ऊन उतरले की गवतावरून अगदी सखल, पंख किंचित वर धरून, तरंगत येणारे शिकारी पक्षी दिसू लागतील. हे भोवत्या. नर फिकट राखाडी, मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. हेही मध्य आशियातून आलेले. दिवसभर शिवारातले नाकतोडे आणि उंदीर टिपतात. इतर शिकारी पक्षी झाडावर झोपतात, हे मात्र गवतात, जमिनीवर. एक येतो, घिरट्या घालतो, खाली उतरतो आणि दिसेनासा होतो. मग दुसरा. कधी दोन-तीन, कधी वीस-पंचवीस. बॅटरी लावू नका, टाळ्या वाजवून उठवू नका. मोजत बसा, आकडा वहीत लिहा, आणि पूर्ण अंधार पडायच्या आत पायवाटेने घरी या.