उपकारस्मरण : प्रार्थनेची पहिली पायरी
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं केलेलें प्रवचन)



ज्युबिली हा मागण्याचा नव्हे, स्मरणाचा दिवस आहे. परंतु आपली नित्याची प्रार्थना पाहिली तर तिच्यांत मागणींच फार. पाऊस, मुलाची नोकरी, मुलीचें लग्न, आजाऱ्यास आराम. मागणें गैर नाहीं. प्रभूनेंच तें शिकविलें. तथापि दहा कुष्ठरोगी बरे झाले, आणि परत आला तो एकच, तोही परका शोमरोनी. आपण बहुधा उरलेल्या नऊंतले.

संत इग्नेशियस ह्यांनीं ह्यावर उपाय सांगितला आहे. पोप तिसरे पौल ह्यांनीं १५४८ सालीं मान्य केलेल्या त्यांच्या साधनाग्रंथांत अंतःकरणाच्या झडतीच्या पांच पायऱ्या आहेत. पहिली पापांच्या मोजदादीची असेल असें वाटतें. पण ती आहे ईश्वराचे आभार मानण्याची. मग पाप ओळखण्याची कृपा मागणें, दिवसाचा हिशेब, क्षमायाचना, आणि शेवटीं सुधारणेचा निश्चय. हा क्रम मार्मिक आहे. पित्याच्या घरची भाकर आठवली तेव्हांच उधळ्या पुत्रास आपली दैना कळली.

आमच्या देशासही ही वाट अपरिचित नाहीं. पतंजलींनीं योगाच्या नियमांत संतोष व ईश्वरप्रणिधान हीं दोन्ही गणलीं आहेत. फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) ह्यांनीं स्थिर बसणें व श्वासाकडे लक्ष देणें हीं ख्रिस्ती प्रार्थनेच्या सेवेस लाविलीं. मात्र आसन व श्वास मनाला शांत करितात. आभार कोणाचे मानावयाचे, हें श्रद्धाच सांगते.

परंतु ज्याच्या घरून ह्याच वर्षीं तिरडी निघाली, त्यानें कसले आभार मानावे? मृत्यूबद्दल आभार माना, असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. लाजरच्या कबरेपाशीं प्रभु स्वतः रडला; आणि तेथेंच त्यानें पित्याचे आभारही मानिले. धरून दिला जाण्याच्या रात्रींही त्यानें भाकर घेऊन आभार मानिले. ‘युखारिस्त’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थच आभारप्रदर्शन. अश्रू व आभार एकाच अंतःकरणांत राहूं शकतात, हें आपण प्रत्येक मिस्सामध्यें पाहतों.

तेव्हां आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें. दिवसांतील एक उपकार नांव घेऊन आठवावा, मगच पुढचें मागणें मागावें. आणि देणगीदारांचीं नांवें दगडावर कोरतां येतात. पण ज्यांनीं ह्या देवळासाठीं केवळ घाम दिला, त्यांचीं नांवें कोरावयास आपलें स्मरणच आहे. तें रिकामें राहूं नये.

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें. आमेन.