डॉक्टरांच्या दारापर्यंतची गाडी



या सभागृहातल्या निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत आहेत, असं मी धरून चालतो. (हशा) म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

समजा, एखाद्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. दर खेपेला चारेक तास यंत्राला जोडून बसायचं. खर्च सगळा सरकारी विम्यातून. पण केंद्र वीस मैलांवर, घरात मोटार नाही, गावात बस नाही. मग त्या फुकट उपचाराचं करायचं काय?

याचं उत्तर तिथं मेडिकेड ही सरकारी विमा योजना देते. मेडिकेअर आणि मेडिकेड यांत आपली हमखास गल्लत होते, आणि त्यात आपला दोष नाही. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एकाच कायद्यावर सही केली आणि त्यातून या दोन्ही जुळ्या जन्मल्या. मेडिकेअर मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी, मेडिकेड गरिबांसाठी. मूळची मेडिकेअर अँब्युलन्सचे पैसे देते, तेही तशीच गरज असेल तर. साध्या तपासणीला नेणारी गाडी मिळते ती मेडिकेडमध्ये. म्हणजे या एका बाबतीत गरीब बहीण जास्त उदार निघाली.

नियम थोडक्यात असा, की उपचाराला जायची-यायची आवश्यक ती सोय होते आहे हे राज्यानं बघायचं. आपल्या जीआरमधले लाडके शब्द, 'शक्यतो' आणि 'निधीच्या उपलब्धतेनुसार', त्यात नाहीत. तरी राज्यांनी टाळाटाळ केलीच. १९७४ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाला त्या राज्याला हे कर्तव्य सुनवावं लागलं. पुढे आयोवा आणि इंडियाना या राज्यांनी मेडिकेडमध्ये नव्यानं आलेल्या प्रौढांपुरती ही सोय न देण्याची परवानगी केंद्राकडून मिळवली. अखेर डिसेंबर २०२० मध्ये ही जबाबदारी थेट कायद्यातच लिहिली गेली.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवस आधी फोन करायचा. घरात मोटार आहे का, कुणी नेणारं आहे का, अशी चौकशी होते. मग गरजेप्रमाणे बसचा पास, टॅक्सी, चाकाची खुर्ची चढवता येईल अशी व्हॅन, नाहीतर नेणाऱ्या शेजाऱ्याला मैलामागे पैसे. अनेक राज्यांत हे काम मध्यस्थ कंपनीकडे असतं आणि तिला बऱ्याचदा दरडोई दरमहा ठरीव रक्कम मिळते. त्यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. न पाठवलेली गाडी हा तिचा नफा! जाताना वेळ ठरलेली असते. परतताना मात्र डॉक्टर कधी मोकळं करतील याचा नेम नाही, म्हणून पुन्हा फोन करायचा आणि थकल्या अंगानं दाराशी बसून राहायचं.

आणि हो, मुलांकडे जाऊन राहणाऱ्या आई-वडिलांसाठी: ग्रीन कार्ड मिळालं की दुसऱ्या दिवशी गाडी दारात, असं नाही. बहुतेक राज्यांत मेडिकेडसाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं.

आता आपल्याकडे या. गाडीशिवाय उपचार पोचत नाहीत, हे बाळंतिणीच्या बाबतीत आपण ओळखलं. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून दवाखान्यात, तिथून गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात आणि बाळासकट पुन्हा घरी, असा सगळा प्रवास मोफत आहे. पण २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना बघा, जिला आज महात्मा फुल्यांचं नाव आहे. तिच्या पॅकेजमध्ये प्रवासखर्च होता: एसटीचा किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा, रुग्णालयातून घरापर्यंत. फक्त परतीचा. मी ते कलम दोनदा वाचलं.

येणारा कसाही येतोच, असं कुणीतरी धरून चाललं असणार. ते अगदीच चूक नाही. माणसं उसनवारी करून येतात, पाहुण्याच्या मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसून येतात, पहाटेच्या दुधाच्या टेम्पोतून येतात. एका ऑपरेशनपुरतं ते जमतं. डायलिसिसवाल्यासाठी दुधाचा टेम्पो आठवड्यातून तीनदा थांबत नाही.