जिजा हे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेरचे नाव जिजा, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आजी गेली आणि वर्षाच्या आत मी झाले, म्हणून तिचेच नाव मला ठेवले. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि यजमानांनी त्यावर अंगठीने दुसरे नाव लिहिले. कारण काय, तर "जिजा म्हंजे म्हातारीचं नाव हाय." त्या दिवसापासून मी वैशाली. शाळेच्या दाखल्यावर जिजा, रेशनकार्डावर वैशाली! बँकेत खाते काढताना या दोन बाया एकच आहेत हे पटविता पटविता मी रडकुंडीस आले. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे मला तेव्हा कळले.

आता गंमत पाहा. आपला जिल्हा म्हणजे जिजाऊंचे माहेर. लखुजीराव जाधव व म्हाळसाबाई यांच्या पोटी १२ जानेवारी १५९८ रोजी त्या सिंदखेड राजाला जन्मल्या. दरवर्षी त्या दिवशी आपण तेथे जातो, वाड्याची माती कपाळी लावतो. पण घरी येऊन पाळण्यातल्या पोरीला ते नाव ठेवणाऱ्या किती? सईबाई 'सई' होऊन परत आल्या, ताराबाईंची 'तारा' झाली. शहरातल्या पोरी ती नावे मिरवितात. मग जिजानेच काय घोडे मारले?

सगळीच जुनी नावे परत आणा असे मी म्हणत नाही. साताऱ्याकडे २०११ साली अडीचशेवर 'नकोशी' मुलींना नवी नावे दिली, ते फार चांगले झाले. धोंडी, दगडी गेल्या तर जाऊ द्या.

माझ्या लेकीला गेल्या महिन्यात मुलगी झाली. फोनवर म्हणाली, "आई, जिजा ठेवू का व?" आणि खरे सांगते, मीच नको म्हटले. शाळेत चिडवतील, उद्या सासरी कोणी पुसून टाकतील, असे मनात आले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आजीचे नाव एकदा दुसऱ्यांनी पुसले, आता मी पुसते आहे असे वाटले. सकाळी उठून फोन केला. म्हटले, ठेव, पण हिच्या लग्नात तांदळाचे ताट पुढे आले तर ते परत पाठवायचे. जावईबापू हसून कबूल म्हणाले.

विहीणबाईंना मात्र 'कियारा' पाहिजे. नात त्यांचीही आहे, मी भांडणार नाही. जन्मनोंदणीत नाव घालायला बारा महिने फी पडत नाही, म्हणून लेकीने तो रकाना कोराच ठेवला आहे. बारसे येत्या रविवारी. कानात नाव सांगायचे ते आत्याने, तेव्हा तिच्यासाठी खण-नारळ मी कालच आणून ठेवला. ती कोणाचे ऐकते ते पुढच्या हळदीकुंकवाला सांगेन.