हद्दीपलीकडचा शेजारी



व्याख्यानमालेने एका युनियनवाल्याला बोलावले, याबद्दल चालकांचे आभार. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे सारे कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा पंडिती भाषा आमच्याकडे नाही. प्रश्न साधा आहे : शेजारच्या महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून कारभार करावा की नाही?

पुणे परिसरातला एखादा कामगार घ्या. तो राहतो चिंचवडला, राबतो चाकणला, मुलगी शिकते पुण्यात. रोज हे कुटुंब तीन कारभारांत वावरते, मत मात्र एकाच ठिकाणी देते. हद्दीवरचा खड्डा दोघांचाही नसतो. आदळतो तो आमच्या माणसाच्या सायकलीखाली.

हा दुरावा आला कोठून? पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली झाली, महानगरपालिका १९८२ साली. कारखान्यांच्या मालावरील जकातीने तिजोरी भरली. ज्याच्या हद्दीत कारखाना त्याला जकात, आणि शेजारच्या गावाला मालमोटारी व भाड्याच्या खोल्या! २०१३ साली जकात गेली, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. पण कारभाऱ्यांचे मन अजून जकात नाक्यावरच उभे आहे.

एकत्र येणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन वेगळ्या बससेवा एक झाल्या. पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. त्या बससेवेच्या तक्रारी सांगायला एक व्याख्यान पुरणार नाही. तरी आज तोट्यावरून भांडताना, कोणी किती सोसायचे हे कागदावर आहे. वाटा लिहिलेला असला की भांडणही रीतसर होते. करार करणाऱ्या आम्हा माणसांना याचे मोल कळते.

आता दुसरी बाजू. पवना धरणाचे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून शहर ते उचलते. ते बंद नळातून न्यायची योजना निघाली. शहराचे म्हणणे, पाणी वाया जाणार नाही, स्वच्छ मिळेल. मावळच्या शेतकऱ्याचे म्हणणे, नदी कोरडी पडली तर आमचे पंप काय उपसणार? दोघांचेही खोटे नव्हते. पण ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांची गोळी चालली आणि तीन माणसे गेली. काम थांबले. बैठकीत बसून सुटायचा प्रश्न रस्त्यावर रक्ताने लिहिला गेला. नळाच्या शहराकडच्या टोकाला आम्ही कामगार राहतो. ते पाणी पिताना आम्हाला याचा विसर पडू नये.

अशी बैठक घटनेनेच सांगितली आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समितीची तरतूद आहे. तिचे निदान दोनतृतीयांश सभासद त्या परिसरातील नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे, तेही शहरी व ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात. पाणी कसे वाटायचे, हे या समितीच्या कामातच येते. २०१५ साली पुण्यासाठी प्रदेश विकास प्राधिकरण आले. त्याची कामे असोत. परंतु ते राज्य सरकारने नेमलेले. नेमलेला माणूस वर पाहतो, निवडलेल्याला खालीही पाहावे लागते.

कोणी म्हणतील, विकासाला चढाओढ हवी. चढाओढ आम्ही पाहिली आहे. एका दारात मजुरी वाढली की मालक काम शेजारच्या दारात नेतो. म्हणून दोन्ही दारांची युनियन एक करावी लागते. गावांचेही तेच. एकाने सवलत दिली की दुसरा जास्त देतो, आणि शेवटी दोघांकडेही गटार बांधायला पैसा उरत नाही.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी नगरसेवक दारी आला की वॉर्डातल्या दिव्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : शेजारच्या गावच्या सरपंचाशी आपण शेवटचे कधी बोललात? उत्तर देताना तो अडखळला, तर आपले काम सुरू झाले असे समजा.